मोजून आणलेली भांडी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका हळदीच्या मांडवात. नेरूळ तेव्हा अर्धे गाव होते आणि अर्धे सिडकोचे बांधकाम. पुढे आगरी हळदीचा दणका चालला होता आणि गुरुजी मागच्या अंगणात कंदिलाशेजारी वही उघडून बसले होते. गावकीची भांडी लग्नघराला दिलेली होती : टोप, हंडे, पराती, ताटे, पेले, डाव. प्रत्येकावर गावकीचे नाव घातलेले. देताना मोजून दिली होती, घेताना मोजून घ्यायची होती. रात्री उशिरा एक डाव कमी भरला. गुरुजींनी वही मिटली नाही. दोन घरी पोरगा धाडला, डाव कुणाच्या तरी उरलेल्या रश्शात सापडला, आणि मग गुरुजी जेवायला उठले.

मला विषय दिला आहे ‘मोठे उत्सव, क्रीडास्पर्धा आणि पर्यावरण’. हा विषय निघाला की सभागृहात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. काहींना वाटते, आता आपल्याला बोलणी बसणार. काहींना वाटते, आता शेजारच्या मंडळाला बोलणी बसणार. मला दोन्ही करायचे नाही. मला त्या डावाबद्दल बोलायचे आहे.

आपले नवी मुंबई शहर आता उत्सवांचे यजमान झाले आहे. २०२५ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीच्या १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. २७ ऑगस्टला गणपती आले. त्याच वर्षी गणेशोत्सव राज्य महोत्सव म्हणून जाहीर झाला होता. २ नोव्हेंबरला त्याच स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला. यातले काहीही नको, असे म्हणणारा माणूस मी नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री मी साठी उलटलेला गृहस्थ सोसायटीच्या आवारात नाचलो, त्याचे साक्षीदार या सभागृहात बसले आहेत. प्रश्न एवढाच, की मांडव उतरल्यावर वही घेऊन कोण बसते?

ही वही आपल्याकडे एकदा न्यायालयात उघडली गेली होती. २०१६ चा एप्रिल आठवा. मराठवाड्यात दुष्काळ होता आणि लातूरचे नळ कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लोक फलाटावर ती गाडी बघायला जमले होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुण्याच्या १ मेच्या सामन्याला तेवढी सवलत मिळाली. मुंबईत व्हायचा अंतिम सामना बेंगळुरूला गेला.

त्या खटल्यात एक आकडा वारंवार आला : राज्यातल्या मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी. त्या रेल्वेच्या बारा फेऱ्या. हे ऐकून कुणाचेही रक्त तापेल, माझेही तापले होते. मग मी कागद घेऊन बसलो. उसाला वर्षभरात जमिनीवर साधारण दोन मीटर उंचीचे पाणी द्यावे लागते. एका एकराला म्हणजे ऐंशी लाख लिटर. महाराष्ट्रातल्या सगळ्या आयपीएलचे पाणी एका एकर उसाच्या पाण्यापेक्षा कमी निघाले. आणि त्याच दुष्काळी पट्ट्यात हजारो एकर ऊस उभा होता, तो कुणी राज्याबाहेर नेला नाही.

मग न्यायालय चुकले का? माझ्या मते नाही. पाणी फारसे वाचले नसेल, पण इतक्या मोठ्या खेळाच्या आयोजकांना ‘हिशेब कुठे आहे?’ असे तिथे विचारले गेले. आणि विचारल्यावर काय झाले पाहा. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडून प्रक्रिया केलेले सांडपाणी टँकरने आणून मैदानांवर वापरू, अशी तयारी दाखवली गेली. म्हणजे उपाय हाताशी होता. तो कपाटातून बाहेर काढायला याचिका लागली. माझी तक्रार आहे ती या उशिराबद्दल.

आपल्या महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली इथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रकल्प उभे केले आहेत, प्रत्येकी रोज २ कोटी लिटर क्षमतेचे. ते पाणी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना देण्यासाठी आहे. त्या वेळच्या वादातले साठ लाख लिटर म्हणजे अशा एका प्रकल्पाचे सव्वासात तासांचे काम. मोरबे धरणाचे पिण्याचे पाणी हिरवळीवर शिंपडायचे की नाही, हा वाद या शहरात होऊ नये इतकी सोय आपल्याकडे आहे.

आता गणपतीकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपला सगळा वाद दोन शब्दांभोवती फिरतो : शाडू आणि पीओपी. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे काय? जिप्सम सुमारे दीडशे अंशांना भाजले की त्यातले पाऊण पाणी उडून जाते. त्या भुकटीत पाणी घातले की काही मिनिटांत तिचा पुन्हा दगड होतो. पेण, हमरापूर, जोहे या आपल्या शेजारच्या गावांतल्या कारखान्यांना याचे अप्रूप का वाटले, हे समजून घ्यायला हवे. शाडूची मूर्ती वाळायला दिवस लागतात आणि कोकणातल्या पावसाळी हवेत तर दिवसांचे आठवडे होतात. ती जड असते, ट्रकमध्ये हिंदकळली की बोट तुटते, सोंड तडकते. पीओपीची मूर्ती पोकळ, हलकी, लवकर सुकणारी आणि स्वस्त. हजारो घरांची चूल तिच्यावर पेटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीला मनाई केली. ९ जून २०२५ ला उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. मग २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात आणि त्याहून उंच मूर्तींना त्या हंगामापुरती नैसर्गिक पाण्याची मुभा, असा तोडगा निघाला.

या तोडग्यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. लहान मूर्तीने नियम पाळायचा, मोठीला सूट. कारण उघड आहे, वीस फुटांची मूर्ती मावेल असा कृत्रिम तलाव आणायचा कुठून? मोठेपणामुळे अडचण उभी राहिली आणि त्याच मोठेपणाच्या जोरावर सवलत मिळाली.

मला वाटते, आपण मातीवर भांडतो आणि उंचीवर गप्प बसतो. पोकळ मूर्तीची उंची दुप्पट केली की तिचे अंग चौपट होते, रंग चौपट लागतो आणि आतला सांगाडा निराळाच. मग मांडव उंच, दिवे जास्त, ट्रॉली, क्रेन, वाटेतल्या वीजतारा आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या. शाडू स्वतःच उंचीला लगाम घालतो. फार उंच केला तर शाडू आपल्याच भाराने खचतो. पीओपीने तो लगाम काढला. आणि उंची कमी करणे अशक्य आहे असे मला कुणी सांगू नये. २०२० साली सरकारने मंडळांच्या मूर्तींना चार फुटांची आणि घरगुती मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली. बाप्पा आले, आरत्या झाल्या, बाप्पा गेले. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. कुणाचीही श्रद्धा दोन फुटांनी कमी झाल्याचे ऐकिवात नाही. करोना गेला, आणि निर्बंध उठताच उंचीही पूर्ववत झाली.

शाडूचे भक्त मघापासून खुशीत दिसत आहेत, म्हणून त्यांनाही एक सांगतो. शाडू विरघळतो म्हणजे नाहीसा होत नाही. तो तळाशी बसतो आणि हजारो मूर्तींचा शाडू म्हणजे गाळच. शिवाय आपल्याकडचा बराचसा शाडू गुजरातेतून येतो. दरवर्षी तिथली माती खणायची, ट्रकने आणायची आणि इथल्या तळ्यात बुडवायची, याला पर्यावरणपूरक म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. पुण्यातल्या इकोएक्झिस्ट संस्थेची ‘पुनरावर्तन’ मोहीम मला म्हणून आवडते. घरच्या बादलीत विसर्जन करा, खाली बसलेला शाडू वाळवा आणि परत द्या. तो मूर्तिकाराकडे जातो आणि पुढच्या वर्षी त्याचीच मूर्ती होते. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ या हाकेला इतके सरळ उत्तर मी दुसरे पाहिले नाही. पीओपीसाठीही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने वाट दाखवली आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की तळाशी कॅल्शियम कार्बोनेट राहते आणि वर अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. दोन-तीन फुटांपर्यंत हे घरच्या बादलीत, पिंपात जमते. वीस फुटांना पिंप कुठले?

आपल्या शहराने काय केले? बरेच केले, आणि ते सांगताना मला संकोच नाही. शहरातल्या मुख्य चौदा तलावांत गॅबियन भिंती आहेत. जाळीत दगड भरून रचलेली ही भिंत तलावाचा साधारण तीस टक्के भाग विसर्जनासाठी वेगळा काढते, उरलेले पाणी स्वच्छ राहते. बावीस नैसर्गिक स्थळांच्या जोडीला शंभराहून अधिक कृत्रिम तलाव दरवर्षी मांडले जातात. निर्माल्य वेगळ्या कलशात, वेगळ्या गाडीने तुर्भ्याला जाते आणि त्याचे खत होते. पहिल्या वर्षी लोक कलशात प्लास्टिकच्या पिशवीसकट हार टाकत, आता गाठ सोडून टाकतात. ही गाठ सोडायला शिकवणाऱ्या सफाई कामगार बायकांना आणि शाळकरी स्वयंसेवकांना कुठल्या व्यासपीठावर नारळ मिळाला नाही, पण काम त्यांचे आहे.

तरीही कृत्रिम तलाव हे अर्धेच उत्तर आहे. त्यात बुडवलेले नंतर कुठे जाते, हा खरा प्रश्न. गाळ भरून खाडीकडेच न्यायचा असेल तर आपण फक्त वाटेत एक थांबा वाढवला. आणि खाडी म्हणजे कुठली? पलीकडच्या काठावर २०१५ पासून ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भाद्रपदातला गाळ बसतो न बसतो तोच हिवाळा लागतो आणि फ्लेमिंगो त्याच चिखलात चोची घालून खाणे शोधतात. सारसोळे आणि दिवाळ्याच्या कोळी बांधवांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांच्या जाळ्यात काय येते, ते त्यांना विचारा.

विजेचे दोन शब्दांत सांगतो. महावितरण दरवर्षी मंडळांना घरगुती दराने तात्पुरती अधिकृत जोडणी देते. तरीही मांडवामागे डिझेलचा जनरेटर धडधडत असतो, कारण अर्ज करायचा राहिलेला असतो. आवाजाच्या भिंतींविषयी मी बोलणार नाही. बोललो तरी त्यांच्यापुढे ऐकू येणार नाही.

आता स्टेडियममध्ये चला.

कोल्डप्ले हा बँड २०१९ मध्ये म्हणाला, की पर्यावरणाचे काही जमल्याशिवाय आम्ही जगदौरा करणार नाही. मग त्यांनी जमवले. प्रेक्षकांच्या उड्यांवर वीज तयार करणारी जमीन आणि वीज तयार करणाऱ्या सायकली आणल्या, वनस्पतीजन्य पदार्थाचे मनगटी दिवे वाटले आणि ते कार्यक्रम संपल्यावर परत मागितले. हे परत मागणे मला फार भावले, कारण मला गुरुजी आठवले. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की मागच्या दौऱ्याच्या तुलनेत दर कार्यक्रमामागे कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटले. कौतुकाची गोष्ट आहे. पण त्या ५९ टक्क्यांत कोण मोजले गेले? बँड, त्यांचे कर्मचारी, त्यांचे सामान, त्यांचा मंच. देशभरातून विमानाने आलेले आणि गाड्यांनी शीव-पनवेल महामार्गावर अडकलेले प्रेक्षक त्या हिशेबात नाहीत. आणि कुठल्याही मोठ्या सोहळ्यात सर्वांत मोठे ओझे बहुधा त्यांच्याच येण्याजाण्याचे असते.

पॅरिसने २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ९५ टक्के मैदाने जुनी किंवा तात्पुरती वापरली. जनरेटरऐवजी वीज थेट जाळ्यातून घेतली. स्पर्धास्थळे सार्वजनिक वाहतुकीला जोडली. लंडन आणि रिओच्या सरासरीपेक्षा उत्सर्जन निम्म्याहून खाली आले, १५.९ लाख टनांवर. तरीही जे उरले, त्यात मोठा वाटा प्रवासाचाच होता.

म्हणून मला जर्मनीची २००६ ची गोष्ट अधिक उपयोगाची वाटते. तिथल्या फुटबॉल विश्वचषकात सामन्याचे तिकीट हेच त्या दिवशीच्या स्थानिक रेल्वे-बसचे तिकीट होते. प्रेक्षकाला उपदेश केला नाही, त्याच्या खिशात पास ठेवला. पेये मिळत ती अनामत घेऊन दिलेल्या पेल्यांत. पेला परत द्या, पैसे परत घ्या.

आपल्या स्टेडियमची जागा पाहा. नेरूळ आणि जुईनगर, दोन्ही स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर. हार्बर आहे, ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बर आहे, जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत लोकल जाते. महापालिकेच्या एनएमएमटीच्या बसगाड्या आहेत. जगातल्या कित्येक मैदानांना हेवा वाटावा अशी ही सोय. आणि आपण चर्चा कशाची करतो? पार्किंगची. २ नोव्हेंबरचा सामना पावसाने दोन तास उशिरा, संध्याकाळी पाचला सुरू झाला आणि संपायला मध्यरात्र झाली. त्या वेळी लोकलने परत जायची खात्री असते, तोच माणूस घरून लोकलने निघतो. जातानाची नव्हे, परततानाची गाडी माणसाचे वाहन ठरवते. सामन्याच्या तिकिटावर एक चौकोनी कोड आधीच असतो. तोच लोकलला आणि एनएमएमटीला चालावा, आणि सामना लांबला तर शेवटची लोकलही थांबावी. हजारो रुपयांच्या तिकिटात लोकलच्या भाड्याची भर कुणाला जाणवणार? हे क्रिकेट संघटना, रेल्वे आणि महापालिका यांनी एका टेबलाशी बसून करायचे काम आहे. अशी टेबले आपल्याकडे बंदोबस्तासाठी लागतात, यासाठीही लागू शकतात.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण या शहरात बोलताना ती टाळणे बरे नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पुरस्कारमूर्तींचे लाखो अनुयायी शिस्तीने उन्हात बसले. चौदा जण उष्माघाताने गेले. आपण नेहमी विचारतो, की सोहळा हवेचे, पाण्याचे काय करतो. त्या दिवशी हवेने सोहळ्याचे काय केले ते दिसले. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नकोत, असे सरकारने जाहीर केले. एप्रिलमध्ये कोकणपट्टीत दमट उन्हाने काय होते, हे आपल्या आज्यांना विचारले असते तरी कळले असते. जुन्या जत्रा पहाटे किंवा रात्री भरत, त्या काय उगीच? घड्याळ, सावली आणि पाणी या गोष्टी पाहुण्यांच्या यादीच्या आधी ठरायला हव्या होत्या.

आणि आता पुन्हा मांडवाच्या मागच्या अंगणात येतो.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली. मग कागदी पेले आले आणि आपले मन शांत झाले. त्या पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो, नाही तर चहा कागदातून झिरपला असता. तो लेप कागद कुजू देत नाही आणि लगद्यातही नीट मिसळू देत नाही. पळसाची पत्रावळ आणि द्रोण बरे, गुराढोरांना किंवा उकिरड्याला परत जाणारे. पण भंडाऱ्याला पाच हजार पाने बसतील एवढ्या पत्रावळी लावणाऱ्या बायका आता गावातही राहिल्या नाहीत. राहते ते स्टीलचे ताट. बेंगळुरूच्या अदम्य चेतना संस्थेने ताटांची बँक काढली आहे : समारंभाला ताटे-पेले न्या, वापरा, धुऊन आणून द्या. आपल्याकडे ही बँक प्रत्येक गावठाणात होती. तिला बँक म्हणत नसू, गावकीची भांडी म्हणत असू. ती भांडी कुठे गेली, म्हणून मी हे व्याख्यान लिहिताना चौकशी केली. काही मोडीत निघाली. काही अजून देवळाच्या माळ्यावर आहेत, पोत्यात बांधलेली, वर नाव घातलेले तसेच. घासणार कोण, हा प्रश्न आला आणि पोते बांधले गेले. प्रश्न खोटा नाही. पूर्वी घासत त्या घरच्याच बायका होत्या आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. तेव्हा ही प्रथा पुन्हा आणायची तर घासणाऱ्याला मजुरी देऊनच आणावी लागेल. मंडळाच्या ताळेबंदात कमानीच्या रोषणाईला रकाना असतो, तसा तिलाही एक असावा. वॉर्डात एक बँक, शंभर-दोनशेच्या गठ्ठ्यांत ताटे, अनामत, धुणाऱ्यांचा रोज, आणि एक वही. यात नवे तंत्रज्ञान काहीही नाही, त्यामुळे उद्घाटनाला मंत्री मिळणे कठीण जाईल.

माझे बोलणे इथे थांबवतो. ठाण्याहून आणि पनवेलहून आलेल्या मंडळींना गाड्या धरायच्या आहेत. बाहेर चहा ठेवला आहे. संयोजकांनी या वेळी देवळाच्या माळ्यावरचे पोते सोडून स्टीलचे पेले काढले आहेत. एकशेवीस आहेत, मी स्वतः मोजले. दाराशी टेबलावर वही घेऊन गुरुजींची नात बसली आहे. पेला तिच्या समोर ठेवल्याशिवाय कुणी जाऊ नये, तिने आजोबांचा स्वभाव घेतला आहे.